टोकणारी सून

सासूबाई विमानाच्या चार पायऱ्या चढल्या त्या प्रवासी म्हणून नव्हे, परीक्षक म्हणून.

विमान तरी केवढं, एकोणीस खुर्च्यांची लांबट डबी. दोन्ही पंखांवर एकेक इंजिन आणि इंजिनाच्या तोंडाशी गरगर फिरणारा एकेक पंखा. आत ताठ उभं राहिलं तर डोकं छताला लागायचं. पन्नास मिनिटांचा प्रवास, त्यामुळे चहापाणी नाही, सरबराई करायला कुणी नाही. वैमानिकांच्या खोलीला दारसुद्धा नव्हतं. एक पडदा होता, तोही बाजूला सारून बांधलेला. पहिल्या रांगेत बसलं की वैमानिकांच्या पाठी, त्यांचे हात, समोरच्या तबकड्या असं सगळं उघड्या देवघरासारखं दिसायचं. सासूबाईंनी ती पहिल्या रांगेतली खुर्ची मुद्दाम मागून घेतली होती. कारण आत उजव्या हाताला बसलेली सहवैमानिक त्यांची सून होती.

"आई, पट्टा लावला?" सुनेनं मागे वळून विचारलं.

"लावला."

सून वाकून बघायला लागली. "पीळ पडलाय त्याला. सरळ करून घ्या."

सासूबाईंनी पट्टा सरळ केला आणि शेजारच्या माणसाकडे अशा नजरेनं बघितलं की, बघा, पाहिलंत ना?

शेजारी चष्म्याच्या फ्रेमा विकणारे एक गृहस्थ होते. मांडीवर नमुन्यांची पेटी, चेहऱ्यावर सगळं माहीत असल्याचं समाधान. "दर मंगळवारी जातो मी यानं," ते म्हणाले. "काळजीचं काही नाही. तुमची पहिलीच वेळ?"

"विमानाची नाही. हिच्या विमानाची."

"ही म्हणजे?"

"सून आहे माझी."

"अरे वा! नशीबवान आहात."

"ते आज कळेल," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवीतून जपमाळ काढून बसल्या.

आता आज काय कळायचं होतं, ते सांगायला हवं. सुनेची बाळंतपणाची रजा संपून तीन आठवडे झाले होते. बाळ आठ महिन्यांचं. मुलगा कारखान्यात पाळीवर, सुनेचं पहिलं उड्डाण पहाटेचं, म्हणजे बाळ सासूबाईंच्या पदरात. बाळाची तक्रार नव्हती. बाळ गुणाचं होतं. तक्रार होती ती सुनेच्या तोंडाची. सून उद्धट नव्हती हो, पण टोकायची. समोर कोण आहे हे न बघता टोकायची. आणि सासूबाई म्हणजे सत्तावीस वर्षं एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या मुख्य. चारशे ताटं दोन वेळा. त्यांच्या राज्यात भाजीचं मीठ चाखून बघायची हिंमतही कुणी केली नव्हती.

मागच्या आठवड्यात शेजारणी बसलेल्या असताना त्या बाळाला तापाचं औषध पाजत होत्या. सुनेनं पटकन पुढे होऊन त्यांच्या चमच्यावर हात ठेवला. "थांबा आई. हा मोठा चमचा आहे. डोस लहान चमच्याचा आहे." बरोबर होतं तिचं. तेच तर दुखणं होतं. चार बायकांसमोर, चारशे ताटं वाढलेल्या बाईला, चमचा कुठला ते सांगितलं! शेजारणी चहा न संपवता उठल्या आणि सासूबाई दोन दिवस मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅग भरली.

"बहिणीकडे जाते," त्यांनी जाहीर केलं. "तुझ्याच विमानानं जाते. बघते तरी, घरी एवढं तोंड चालवणारी तिथे काय करते ते. विश्वास बसला, तर संध्याकाळच्या विमानानं परत येईन आणि बाळ शाळेत जाईपर्यंत त्याला सांभाळेन. नाही बसला, तर बहिणीकडेच राहीन. मग तुमचं तुम्ही बघा."

त्या दिवसापुरती मुलानं रजा काढून बाळापाशी राहायचं ठरलं. तुमचं तुम्ही बघा याचा अर्थ सुनेला पुरता कळला होता. पहाटे चारला तान्हं मूल ठेवून घेईल असं पाळणाघर गावात नव्हतं. सासूबाई परत आल्या नाहीत तर तिची ती उजव्या हाताची खुर्ची गेली. आणि त्या खुर्चीपायी तिनं काय काय केलं होतं, ते तिचं तिला आणि वरच्याला ठाऊक.

त्या दिवशी वरचा बहुधा गमतीत होता.

विमान छान उडालं. डाव्या खुर्चीत होते मुख्य वैमानिक. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण कंपनीतल्या निम्म्या वैमानिकांना त्यांनीच शिकवलं होतं. केस पांढरे, मान जाड, हसू लहान मुलासारखं. जातानाची खेप सुनेनं चालवायची, मास्तरांनी रेडिओवरचं बोलणं आणि कामांच्या याद्या सांभाळायच्या, असं ठरलेलं. खाली शेतं, मग टेकड्या, मग ढगांचा पिंजलेला कापूस. दोन्ही इंजिनांचा सूर असा लागला होता की दोन तानपुरे एका कानानं जुळवलेत. त्या घुमाऱ्यात सासूबाईंचा जप इतका सुरेख चालला की आपण इथे परीक्षक आहोत, हे त्या दहा मिनिटं विसरल्याच.

मग एक तानपुरा उतरला.

मोठा आवाज झाला नाही, झटका बसला नाही. नुसता घुमाऱ्यात एक लाटेसारखा हेलकावा आला. वूं... वूं... वूं. मण्यावरचं सासूबाईंचं बोट थांबलं.

"हे असंच असतं का?" त्यांनी विचारलं.

"अगदी नेहमीचं," चष्मेवाले म्हणाले. मग कान देऊन ऐकलं. मग नमुन्यांची पेटी छातीशी धरली. "म्हणजे... आजच जरा वेगळं आहे."

पुढे सुनेनं समोरची तबकडी आधीच बघितली होती. कानाला लावलेल्या हेडफोनमधून ती मास्तरांशी बोलत होती. "उजव्या इंजिनाचा तेलाचा दाब उतरतोय."

"दिसला," मास्तर म्हणाले. "विमान तुझ्याकडे."

"विमान माझ्याकडे."

आणि पुढचे काही क्षण दोघांनीही काहीच केलं नाही. मास्तरांची शिकवणच होती ती. घाईत हात हलवायचा नाही. आधी विमान सरळ उडतंय ना ते बघायचं, मग खोटं कोण बोलतंय ते शोधायचं, इंजिन की काटा. काटा बिघडला असता तर एकटा दाबच उतरला असता. पण तेलाचं तापमानही चढत होतं. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. म्हणजे खरंच तेल चाललं होतं. तेलाशिवाय इंजिन फिरवत ठेवणं म्हणजे ते जाळणं. तेव्हा ते आपणच शहाण्यासारखं बंद करायचं, पंख्याची पाती वाऱ्याला आडवी न ठेवता धारेवर वळवायची, आणि उरलेल्या एका इंजिनावर मागे फिरायचं. एक इंजिन विमानाला पुरतं. अट एवढीच की बंद करताना जे बिघडलंय तेच बंद करायचं. चांगलं बंद केलं, तर मग आकाशात काहीच उरत नाही.

म्हणून रीत अशी होती: एकानं इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवायचा, हलवायचा नाही, मोठ्यानं नाव घ्यायचं. दुसऱ्यानं डोळ्यांनी बघून हो म्हणायचं. मग ओढायचा.

"उजवं इंजिन," मास्तर यादी वाचत म्हणाले आणि त्यांनी हात दांड्यावर ठेवला.

डाव्या दांड्यावर.

तीस वर्षांचा माणूस. असं कसं झालं? झालं ते असं की मागचे सात महिने मास्तर नव्या वैमानिकांना शिकवत होते, आणि शिकवणारा उजव्या खुर्चीत बसतो. दोन्ही इंजिनांचे दांडे दोन खुर्च्यांच्या मध्ये, त्यामुळे उजव्या खुर्चीतून जवळचा तो उजव्या इंजिनाचा. सात महिने हाताला सवय लागली होती, जवळचा तो उजवा. कालपासून मास्तर परत डाव्या खुर्चीत आले. तोंडानं उजवं म्हटलं, डोक्यातही उजवंच होतं. पण हात बिचारा आपल्या सवयीनं जवळच्या दांड्यावर जाऊन बसला.

सुनेनं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला.

"थांबा मास्तर. ते डावं आहे."

मास्तरांनी खाली बघितलं. एक क्षण. मग दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले, श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर. माझा हात डाव्यावर गेला होता. धन्यवाद. आता पहिल्यापासून."

हे सगळं हेडफोनमधलं बोलणं. पहिल्या रांगेत एक अक्षर ऐकू आलं नाही. पहिल्या रांगेत दिसलं ते एवढंच की इंजिन वेडंवाकडं वाजतंय, लाल दिवा लागलाय, पांढऱ्या केसांचे मुख्य वैमानिक काहीतरी करायला जाताहेत, आणि यांची सून त्यांचा हात धरून त्यांना थांबवतेय.

सासूबाईंनी डोळेच मिटून घेतले. "देवा रे," त्या पुटपुटल्या, "इथेसुद्धा!"

"काय झालं?" चष्मेवाल्यांनी घाबरून विचारलं. "काय दिसलं तुम्हाला?"

"टोकलं हिनं. त्यांना टोकलं. आता, या वेळेला!"

"कुणाला टोकलं?"

"तुम्ही पेटी खाली ठेवा आधी. मला टोचतेय."

पुढे काम पहिल्यापासून सुरू झालं होतं. "हे उजवं?" "ते उजवं." दांडा मागे आला. "पाती वळवायचा दांडा, उजवा?" "उजवाच." "इंधन, उजवं?" "उजवं." प्रत्येक वेळी हात, नाव, नजर, होकार. विमान उजवीकडे मान टाकायला लागलं, तसा सुनेनं डावा पाय रोवून त्याला सरळ धरलं. खिडकीबाहेर उजवा पंखा मंदावला, पाती मोजता येतील इतका मंदावला आणि थांबला.

फिरता पंखा दिसत नाही, त्याचं कुणाला काही वाटत नाही. थांबलेला पंखा दिसतो. सतरा माणसांनी तो एकदम बघितला आणि विमानात अशी शांतता पसरली की उरलेल्या इंजिनाचा एकटा सूर स्वच्छ ऐकू यायला लागला. चष्मेवाले पट्टा सोडून उठायला निघाले.

"कुठे निघालात?" सासूबाईंनी विचारलं.

ते जरा विचारात पडले. "ते... ठरवलं नव्हतं."

"मग बसा."

ते बसले. मास्तरांनी मागे वळून खड्या आवाजात सगळ्यांना सांगितलं की एका इंजिनाचं तेल गळतंय म्हणून ते आपण मुद्दाम बंद केलंय, दुसरं ठणठणीत आहे, जिथून निघालो तिथेच वीस मिनिटांत उतरतोय, आणि धावपट्टीवर बंब उभा दिसेल तर घाबरू नका, त्यांनाही पगाराचं काहीतरी काम हवं. कुणीतरी हसलं. मग अजून कुणीतरी. हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं.

सासूबाईंनी जप पुन्हा धरला, पण मन काही लागेना, म्हणून त्या सरळ बोलायलाच लागल्या. "देवा, डावीकडचं इंजिन तू बघ. पोरीचं लक्ष समोर आहे, तिला दोन्हीकडे कसं बघता येईल? आणि त्या म्हाताऱ्या साहेबांना राग आला असेल तर तो उतरेपर्यंत येऊ देऊ नको. नंतर मी बघते."

समोर सुनेची पाठ दिसत होती. मानेवर घामाचा एक ओघळ. पण खांदे सैल होते, बाळाला मांडीवर निजवताना असायचे तसे. ते बघून सासूबाईंना जरा बरं वाटलं. पण का बरं वाटलं, ते मात्र त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

"उतरवणार कोण?" मास्तरांनी विचारलं होतं. "तू की मी?"

"मी," सून म्हणाली. "चुकलं तर टोका."

"ते मी फुकट करतो."

विमान ढगांखाली आलं, धावपट्टी समोर आली, आणि चाकं जमिनीला अशी टेकली की चष्मेवाल्यांनी विचारलं, "उतरलो का?" सतरा जणांनी टाळ्या वाजवल्या. मागे एक बाई रडत होती आणि रडता रडता टाळ्या वाजवत होती. अग्निशामक दलाचे जवान जरा हिरमुसून पाइप गुंडाळायला लागले.

प्रतीक्षागृहात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळे बसले आणि एकदम बोलायला लागले. जो तो आपण कसे घाबरलो नाही ते सांगत होता. विमानाच्या मिस्त्रीनं येऊन तेलानं माखलेलं एक रबरी कडं दाखवलं. अंगठीएवढं. ते चिरलं होतं, तिथून तेल गेलं. ते कडं हातोहात फिरलं, एकानं तर त्याचा फोटो काढून घेतला.

सासूबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी मास्तरांना चहाच्या यंत्रापाशी गाठलं.

"साहेब, एक बोलायचं होतं."

"बोला ना."

"ती मुलगी, माझी सून. मी पुढेच बसले होते, सगळं बघितलं. मनावर घेऊ नका तुम्ही. स्वभावच आहे तिचा. घरी मलाही सोडत नाही. मन वाईट नाही हो तिचं, पण वय बघत नाही, मान बघत नाही, मध्येच हात घालते. तिच्या वतीनं मी माफी मागते."

मास्तर कप हातात घेऊन उभेच राहिले. मग त्यांना असं हसू आलं की चहा बुटावर सांडला.

"बाई, कशाची माफी? माझा हात चुकला होता! बिघडलं होतं उजवं आणि मी धरलं होतं डावं. ती बोलली नसती तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "ती बोलली म्हणून आपण दोघं इथे असला भिकार चहा पितोय."

सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं. जवळ मिस्त्री होता, चष्मेवाले होते, तिकीटखिडकीवरची मुलगी होती. "हळू बोला," त्या कुजबुजल्या. "लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. आत्ता जाऊन अहवालात लिहिणार आहे. उद्या सगळ्या वैमानिकांना पाठवतील वाचायला. सात महिने उजवीकडे बसून आलेला माणूस असा चुकू शकतो, हे बाकीच्यांना कळायला नको?"

"तुमचं नाव घालून?"

"मग काय शेजाऱ्याचं घालू?"

सासूबाईंनी त्यांना नीट निरखून बघितलं. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या केसांचा, निम्म्या कंपनीचा गुरू. आणि आपली चूक अशी सांगतोय जशी काही रस्त्यात सापडलेली वस्तू ज्याची त्याला देतोय.

"राग नाही आला तुम्हाला? तिनं हात धरला तेव्हा?"

मास्तरांनी खरंच आठवून बघितलं. "नाही हो. बरं वाटलं. वाटलं, आहे कुणीतरी शेजारी."

ते अहवाल लिहायला गेले. सासूबाई यंत्रापाशी उभ्या राहिल्या. त्यांना वसतिगृहाचं स्वयंपाकघर आठवलं. एका वर्षी आमटीत दोनदा मीठ पडलं होतं आणि आठ बायका ते माहीत असून चारशे ताटांत वाढत होत्या. एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. इतकी वर्षं त्याचं खापर फोडायला त्यांना कुणी ना कुणी सापडत आलं होतं. आज पहिल्यांदा वाटलं, त्या गप्प का बसल्या असतील?

सून आली. टोपी काखेत, चेहरा धुतलेला, डोळे जरा लाल. बाकी सगळ्यांना नीट विचारून झाल्यावर ती शेवटी सासूबाईंपाशी आली. आणि आता, एकटीशी, तिचा आवाज थरथरला.

"आई, घाबरलात ना? मला कळतंय. आजच व्हायचं होतं हे. दोन वाजता दुसरं विमान आहे. नको असेल तर बसची सोय केलीय सगळ्यांसाठी. मावशींना फोन करून सांगते मी. तुम्ही... तुम्ही काय ठरवाल ते मला मान्य आहे."

"दोनच्या विमानात तू आहेस?"

"नाही. आज आम्हा दोघांना सुट्टी. नियम आहे."

"मग कधी आहेस?"

"परवा."

"मग परवा जाईन."

सून बघतच राहिली. "आणि... परत?"

"परत येताना तूच असशील ना? मग झालं तर. असं बावळटासारखं बघू नको. बाळ उठलं असेल, चल घरी." त्यांनी बॅग उचलली आणि सुनेनं ती हातातून घेतली तेव्हा घेऊ दिली. "आणि हे बघ. मला टोकलंस तर टोक. पण शेजारणींसमोर जरा हळू आवाजात."

"हो आई."

"हो काय लगेच? आधी विचार कर, जमेल का."

सुनेनं विचार केला. "नाही जमणार," ती म्हणाली, आणि हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सासूबाईंनी पदरानं ते पुसलं. आणि चष्मेवाले, ज्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता, तेही आपला चष्मा काढून पुसायला लागले.

बाहेर रिक्षात बसता बसता बहिणीचा फोन आला. बातमी तिकडे पोचली होती, तीही दुप्पट होऊन.

"अगं नाही, जळलं बिळलं काही नाही," सासूबाई फोनमध्ये ओरडून सांगत होत्या. "छान उतरलं विमान. हो, थोडा वेळ एकच इंजिन होतं, पुरतं तेवढं... आज नाही, परवा येते. विमानानंच. ...बस? वेडी आहेस का तू! मी नाही बसणार बसमध्ये. अगं, तो ड्रायव्हर बिचारा एकटा. त्याचा हात चुकला तर त्याला सांगायला शेजारी कोण असतं?"